माझ्या तब्येतीची चौकशी करणाऱ्यांसाठी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खुर्च्या व भांडी भाड्याने देणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दमदाटीला अथवा लाडीगोडीला बळी न पडता लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे हृदयही उत्तम चालते, असे त्यात मी आग्रहाने लिहून घेतले. ते काहीजणांनी वाचावे अशी माझी फार इच्छा आहे.

१) माझी मिळकत अशी : राहते दोन खोल्यांचे घर, मागची पत्र्याची वखार, वखारीतल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या, पातेली, ताटे, चमचे, एक टेम्पो आणि बँकेतली ठेव. यजमान वारले तेव्हा मागे थोड्या खुर्च्या, एक हातगाडी आणि चार वर्षांचा मुलगा होता. खुर्च्या वाढल्या. हातगाडीचा टेम्पो झाला. मुलगा उंच झाला, एवढेच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

२) चिरंजीवास वरील मिळकतीतला कोणताही हिस्सा, हक्क वा हितसंबंध मिळणार नाही. हे रागाच्या भरात लिहिलेले नाही. राग चांगला मुरू दिला आहे.

कारण नोंदवणे भाग आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे मी त्याला लहानपणापासून सांगत आले. त्याने अंथरूणच हप्त्यावर घेतले. धावण्याचे यंत्र घेतले, त्यावर टॉवेल वाळतात. नव्या फ्लॅटच्या मेजवानीला त्याने खुर्च्या पलीकडच्या गल्लीतल्या माझ्या स्पर्धकाकडून आणल्या, पाठीला साटिनची फीत बांधलेल्या. “आई, तुझ्या खुर्च्या फोटोत कशा दिसतील, तूच सांग,” असे मलाच विचारले. मला दिलेल्या खुर्चीचा मागचा पाय डुगडुगत होता. संध्याकाळभर मी तोल सावरून बसले.

हे सगळे मी पोटात घातले असते. पण गेले वर्षभर कोपऱ्यावरचा फर्निचरवाला रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी माझ्या दारात थांबू लागला. “काकू, खोकला कसा आहे? रात्री झोप लागते ना?” मागोमाग जुन्या मोटारींचा व्यापारीही येऊ लागला. पोटचा पोर महिनोन्‌महिने फिरकत नाही आणि परकी माणसे विचारपूस करतात, म्हणून माझे डोळे भरून यायचे. मी त्यांना चहा दिला. साखर घालून दिला. मला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल.

एके दिवशी दोघे चहाला बसले असताना फर्निचरवाल्याने विचारले, “डॉक्टर काय म्हणाले, काकू? म्हणजे साधारण किती दिवस?”

“कशाचे किती दिवस?”

तो चपापला. मग खाली बघून म्हणाला, “तुमच्या मुलानं सोफा नेलाय, पलंग नेलाय. आईचं झालं की सगळं एकदम फेडतो म्हणाला. यांच्या मोटारीचंही तसंच ठरलंय.”

मी चिरंजीवास बोलावून जाब विचारला. त्याला लाजही वाटली नाही. “अगं, तू काय लगेच जाणार आहेस का? म्हणून तर मुदत लांबची मिळाली!” वर म्हणाला, “आणि शेवटी सगळं माझंच आहे ना?”

नाही. अनामत घेतल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही चमचा दिलेला नाही. याने बाजारात अनामत म्हणून मलाच ठेवले. जन्मदात्या आईच्या तिरडीवर याने सोफा आणला, आणि त्यावर पाय ताणून बसला. हे मी माफ केलेले नाही, करणार नाही.

३) घर, वखार, धंदा व टेम्पो माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीस मिळावा. मला लोक चिकट म्हणतात. तिच्यापुढे मी उधळी ठरते. चिरंजीव मावशीला लोणी लावायला जाईलच. ती ते लोणी खरवडून डब्यात भरून ठेवेल, याची मला खात्री आहे. तिच्यानंतर सर्व माझ्या नातीला, पण तिने पंचविशी ओलांडल्यावर.

४) बँकेतली ठेव मोडून मी दोन्ही गुडघे बदलून घेणार आहे, कवळीही करणार आहे. नवे गुडघे वीस वर्षे टिकतात, असे डॉक्टर म्हणाले. ही बातमी साक्षीदारांना वाचून दाखवली आहे.

५) शोकसभा घेतलीच तर खुर्च्या माझ्याच वापराव्यात. भाडे आगाऊ घ्यावे. फिती बांधू नयेत.

६) चिरंजीवास गंजलेल्या दोन लोखंडी खुर्च्या द्याव्यात. वसुलीला येणाऱ्यांना बसायला लागतील. सोफ्यावर त्यांना बसवू नये, तो त्यांचाच आहे, उचलून नेतील.

७) या मृत्युपत्राची एक प्रत आजच चिरंजीवास पोचवावी. मात्र त्या प्रतीत हे कलम घेऊ नये. माझ्या मरण्यात त्याचा आता पैचाही फायदा उरलेला नाही. तेव्हा यापुढे तो दारात उभा राहिला, तर तो मलाच भेटायला आला असे मी समजेन. मी वाट पाहते आहे, हे त्याला कुणी सांगू नये.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली, दार उघडे.
दिनांक : पाच, चिरंजीवाच्या हप्त्यांचा दिवस.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार :
कोपऱ्यावरचा फर्निचरवाला (सही)
जुन्या मोटारींचा व्यापारी (सही, आधी पाणी मागून घेतले)

दोघांनी मृत्युपत्र समक्ष वाचले. सातवे कलम वाचून विसरण्याचे कबूल केले. चहा दिला आहे, बिनसाखरेचा.