नाकावरचा टिळा

हीरामाया, सगळ्यांत आधी आली ती मुलाची आजी, आणि तिला पाहताच मी पडद्यामागे शिरले! (थांब, आधी ताईचा पोटभर आशीर्वाद घे. तुझे गुडघे, यजमान आणि म्हैस कशी आहेत? म्हशीचं आधी कळव.)

का लपले ते ऐक. आपल्या नातीला, रोजिनाला, बघायला भक्तपूरला पाहुणे यायचे होते, म्हणून मी बंदीपूरची संत्री घेऊन डुम्रेला बशीत बसले. पोरीने तीन मुलांना नाही म्हटलंय, पण ह्या बिकेशचं नाव काढलं की कानापर्यंत हसते. म्हणजे हे जमायलाच हवं, हो की नाही? बस नदीच्या काठाकाठाने अशी वळत होती, की डोंगर एकदा माझ्या खिडकीत, एकदा समोरच्या. ऊन काय, हिरवं पाणी काय, मागे ती पांढरी शिखरं काय! मी गाणंच म्हणायला लागले. (कंडक्टर म्हणाला, "आज्जी, टेप बंद करू का?" आणि केला की मेल्याने!)

कुरिनटारला मनकामना देवीचं दर्शन करून एक बाई चढली, ती नेमकी माझ्या शेजारी. माझ्याच वयाची, माझ्याहून बडबडी. मी म्हटलं, "तुमची सून भाजीत मीठ जास्त घालते का हो?" ती म्हणाली, "घालायचं विसरते!" "अगबाई, आमचीही!" झालं, मालेखूला तळलेले मासे एकाच पानात खाल्ले. पुढे तीच म्हणाली, "दिदी, इतकं पटतंय तर एकमेकींना टिळा लावून मितिनीच होऊ या, सख्ख्या बहिणींसारख्या." तिच्या ताटलीत देवीचा प्रसाद होता, टिळ्याच्या अक्षता होत्या. मी संत्री दिली, तिने शाल दिली. तिने माझ्या कपाळाकडे हात नेला, तेवढ्यात नौबिसेच्या चढावर बशीने असा हिसका दिला, की टिळा माझ्या नाकावर आणि ताटली कंडक्टरच्या डोक्यावर! सगळी बस हसली. उतरताना गर्दीत आमची चुकामूक झाली. इतक्या बोललो, पण नाव-घर विचारायचं दोघीही विसरलो.

आणि संध्याकाळी दारात तीच! आता तूच सांग, आजी-आजी मितिनी झाल्या की नातवंडं भावंडं, मग लग्न कुठलं? तिने मला पडद्यातून ओढलं, थेट स्वयंपाकघरात नेलं.

"दिदी, टिळा कुठे लागला होता?"

"नाकाला."

"म्हणजे कपाळ कोरं?"

"अगदी कोरं!"

"मग आपण विहिणीच होऊ. मितिनीशी भांडता येत नाही, विहिणीशी रोज भांडता येईल."

बाहेर आलो तर बिकेश चहा पिता पिता रोजिनाकडेच बघतोय, आणि कप केव्हाच रिकामा झालेला! तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तुझी ताई,
मोतीमाया

ता. क. तुमच्या गुरुजींना सहज विचार, नाकाला लागलेला टिळा धरतात का? आपलं नाव सांगू नकोस. धरत नसले तर लगेच लिही. धरत असले तर फक्त म्हशीचं लिही.

ता. क. दुसरा. आधी मी तिला टिळा लावला होता. तेव्हा रस्ता सरळ होता, त्यामुळे तो बरोब्बर कपाळावर बसला. मग तिने घाम पुसता पुसता तो पुसून टाकला, आणि आता तिला काही आठवत नाही. मी कशाला आठवण करून देऊ? हेही गुरुजींना विचार, पण जरा हसत हसत विचार. आणि उत्तर लवकर धाड बाई, पाहुणे सुपारी घेऊन येत्या पंचमीला परत येणार आहेत.