सासूबाईंचा उपास

बुधवार, संध्याकाळ. गाझियाबाद

आज डायलिसिसला बसवण्याआधीच सासूबाईंच्या छातीचे ठोके बिघडले. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं होतं. डॉक्टर त्यांच्यावरच चिडले, "माताजी, कल क्या खाया था?"

काल संकष्टी होती, तीही अंगारकी. चाळीस वर्षांचा उपास त्या सोडायला तयार नव्हत्या, म्हणून केळी आणि नारळपाणी मीच आणून दिलं. हलकं असतं, असं वाटलं मला. काय खायचं आणि काय टाळायचं त्याचा कागद फ्रिजवरच लावलाय. तो मी का वाचला नाही?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "मैंने खुद मँगवाया." आणि मी ते तसंच राहू दिलं. नंतर तासन्‌तास बाहेरच्या बाकावर बसून होते, आणि ते नारळपाणीच डोळ्यांसमोर येत होतं.

डायलिसिस झाल्यावर ठोके जागेवर आले. परतताना गाडीत मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, "आता उपास बंद, आई."

"उपासाच्या बळावरच त्या सुया सोसते मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी नुसती पेशंट नसते."

मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "पुढची चतुर्थी माझ्या नावाने तू धर. मी कागदात लिहिलंय तेच जेवीन."

माझा नवरा निखिल ऑफिसातून आला की त्याला खरं काय ते सांगणार आहे.

मी देव मानत नाही, हे आईंना लग्नाआधीपासून माहीत आहे. तरी त्यांनी मलाच विचारलं. मी हो म्हणाले.