सिनेमाआधीची पाच मिनिटं

६ नोव्हें. २०१६, हॅम्बर्ग
माझी मैत्रीण केतकी हिने फोन उचलला. सतराव्यांदा लावल्यावर. "घरी सांगितलंस?" नाही म्हटलं. "मग मला फोन करू नकोस, निनाद. तुझी आई मला विचारते याचा अभ्यास कसा चाललाय. मी काय सांगू त्यांना?" कॉलेज सोडून चार महिने झाले. म्हटलं, माझं मी बघीन. १ डिसें.ला ती थीसिससाठी दूर बाड हॉम्बुर्ग गावी जाणार. फोन आपटला. गादीवरच.

८ नोव्हें.
मी जिथे तिकिटं फाडतो त्या सिनेमागृहाच्या मालकीणबाई, फ्राउ टिम: "तर, या महिन्यात दर शनिवारी पेनरॉयचा एक सिनेमा. आधी पाच मिनिटं त्याच्याबद्दल तू बोलायचं." ह्यूबर्ट पेनरॉय. आधी लंडनचं स्टेज, राजे, खुनी, बिशप, मग सिनेमे. इथे सगळे डब झालेले, त्याचा खरा आवाज कोणी ऐकलेलाच नाही. एक जुनं चरित्र हातात दिलं.

१० नोव्हें.
पाऊस. फेरीबोटीने नदीवर चारदा इकडून तिकडे, खोलीत बसवत नाही. पे.ने वकिलीचं शिक्षण अर्ध्यात सोडलं. पहिलं काम भालदाराचं, एकच वाक्य, तेही विसरला. बारा वर्षांनी त्याच थिएटरात राजा. हे के.ने ऐकलंच पाहिजे. मेसेज केला. "बघते."
शिक्षण सोडलं एवढंच पुस्तकात आहे, कसं ते नाही. मी लिहिलं: वडिलांसमोर पुस्तकं आपटली आणि घराबाहेर पडला. तसंच झालं असणार. मी त्याच्या जागी असतो तर

१२ नोव्हें., शनि.
के. आली. तिसरी रांग, ओला कोट मांडीवर. पुस्तकं आपटली तिथे मी आवाज चढवला. टाळ्या. मग मागे एक म्हातारा उभा राहिला. बोलायला लागला तर अर्धं थिएटर वळून बघायला लागलं. हेर ल्युडर्स. वीस वर्षं पे.चा जर्मन आवाज हाच.
"पुस्तकं आपटली नाहीत, तरुण मित्रा. दोन वर्षं तीच पुस्तकं काखेत घेऊन रोज घरातून निघायचा आणि तालमीला जायचा. वडिलांना रस्त्यातल्या पोस्टरवरून कळलं. मला त्यानेच सांगितलंय."
मी म्हटलं, तुम्ही होतात का तिथे? फ्राउ टिमने माझा दंड धरला. दिवे मालवले, सिनेमा सुरू.
सिनेमाभर बाहेर सायकलींपाशी फेऱ्या मारल्या. के. बाहेर आली. "काम छान करतो तुझा पेनरॉय." मग म्हणाली, "कॉलेज सोडलंस याचा राग नाहीये रे. तुझ्यासाठी खोटं बोलायचा कंटाळा आलाय." एस-बानच्या, लोकलच्या स्टेशनकडे गेली. मी मागे गेलो नाही. जायला हवं होतं. की नको?

१५ नोव्हें.
ल्युडर्सकडे माफी मागायला गेलो. खरं तर भांडायलाच. त्याने कॉफी केली. विचारलं, पे.चे वडील कधी आले का नाटकाला?
"नाही. प्रत्येक पहिल्या प्रयोगाला एक खुर्ची राखून ठेवायचा तो."
नाटकाचा एवढा राग?
"नाटकाचा नव्हता. आपल्याआधी गावाला कळलं, त्याचा."
कॉफी तशीच राहिली.

२० नोव्हें., रवि.
काल दुसरा सिनेमा. खरं तेच बोललो, पोस्टरसकट. के. नव्हती. तिला कळवलंच नव्हतं.
दुपारचे दोन, तिकडे साडेसहा. घरी फोन लावलाय. आईने घेतला. "जेवलास का?" बाबांना दे म्हटलं. "काय झालं रे?" दे ना.
बाबांना म्हटलं, कॉलेजबद्दल सांगायचंय. "थांब, चष्मा आणतो."
फोन टेबलावर, स्पीकर चालू. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहितोय. आई विचारतेय, "अहो, फोनवर बोलायला चष्मा कशाला?" बाबा: "अगं, काहीतरी सांगतोय तो."
खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हं. बोल."