हातावरचं दही

अप्पा, तुमची नात दोन आठवड्यांपूर्वी येऊन गेली. धाकट्याची मुलगी. ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॅनडात वाढली आणि घरी कुणाला न विचारता तिथल्याच फौजेत भरती झाली. आता तिची तुकडी लाटव्हियाच्या सीमेवर चालली आहे. त्याआधी रजा मिळाली म्हणून इथे डच मुलखात, टिलबर्गला माझ्याकडे आली. धाकटा फोनवर म्हणाला, नुसता सराव आहे, ताई. तीही तेच म्हणाली. या शब्दावर माझा विश्वास का नाही, ते तुम्हाला सांगायला नको.

फौजेत असताना तुम्हीही दर वेळी सरावालाच जायचात. निघताना आई दही-साखर पुढे करायची आणि तुम्ही हसून हात मागे घ्यायचात, मी काय परीक्षेला बसतोय का म्हणून. शेवटच्या वेळी मी साताऱ्याच्या स्वयंपाकघरात वेणी घालून घ्यायला बसले आहे आणि तुम्ही बुटांसकट आत येता. आई बुटांवरून ओरडते. तुम्ही उजवा हात पुढे करता.

"थोडं दही दे गं."

आईनं तुमच्या हातावर दही घातलं. बूट काढा, असं पुन्हा म्हणाली नाही. जाताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, सराव आहे. तुम्ही परत आला नाहीत.

म्हणून मी या पोरीवर पाळत ठेवली. एरवी बापाला महिनोन्‌महिने फोन न करणारी, इथे चहा पितानाही त्याच्याशी बोलत होती. कानातली काढून माझ्याकडे ठेवली, हरवतील म्हणे. शेजारची डच आजी केक घेऊन आली. दुसऱ्या महायुद्धात तिचं गाव कॅनडाच्या पोरांनी सोडवलं होतं, त्यामुळे तिला हिचं फार कौतुक. जाताना तिनं हिचा हात किती तरी वेळ सोडला नाही. सरावाला निघालेल्या मुलीचा हात कुणी असा धरतं का? नवरा म्हणाला, तुला पोस्टमनचासुद्धा संशय येतो. येतो, खरं आहे.

निघायच्या दिवशी सायकली बाजूला करून तिची बॅग दाराशी ठेवली. स्टेशनवर सोडायला नवरा खाली गाडी काढत होता. ती बुटांसकट स्वयंपाकघरात आली. मी ओरडले नाही.

"आत्या, दही आहे? ते हातावर देतात ना, तसं."

"संपलं गं," मी म्हणाले.

"इट्स ओके," म्हणाली, मला घट्ट मिठी मारली आणि 'येते' म्हणून गेली. तुम्ही 'येतो' म्हणाला होतात की नाही, ते काही केल्या आठवत नाही.

हे मी धाकट्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्हाला लिहिते आहे ते कुठे जाणार नाही म्हणूनच. दही होतं, अप्पा. आदल्या दिवशी तिच्यासाठीच लावलं होतं, चांगलं घट्ट लागलं होतं. अजून फ्रिजमध्ये आहे, आंबून गेलंय, आणि मी ते कुणाला टाकू देत नाही.