बाथरूममधली बुटकी दांडी

चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. (नेहमीएवढेच, पडल्याबद्दल जास्तीचे नाहीत.)

तब्येत कशी आहे ते विचारत नाही. तू “फिट आहे” म्हणणार आणि फोन ठेवणार. म्हणून हे पत्र. ते तुझी शेजारीण वाचून दाखवील आणि ती काही अर्ध्यात सोडणारी बाई नाही. मी सांगतेय, सून उतरवून घेतेय. (सूनबाई, कंसातलंही लिही.) “मावशी कधी पडल्या?” असं तिने आत्ताच पेन थांबवून विचारलं. म्हटलं, तू सध्या नुसता हात आहेस, हाताला कान नसतात, पुढे चल.

तर तुझा तो शब्द. माझा लेक नळ बसवायची कामं करतो, त्यामुळे आमच्या घरात हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. नळ बसला की फिट. बंद पडलेली गाडी चालू झाली की फिट. ब्लाउजमध्ये श्वास घेता येईना की तोही फिट. दार सहज लागलं तर फिट, आणि अडकून उघडेनासं झालं तरी “फिट बसलंय”. समोरचा दुकानदार आकडी येऊन पडला, तर म्हणे त्याला फिट आली! म्हणजे उभा तोही फिट आणि आडवा झाला त्यालाही फिट. चार घरची कामं धरलेली बाई कुठेच वेळेवर पोचत नाही, तसा हा शब्द. त्याच्यावर मी विश्वास ठेवायचा? तू बाथरूममध्ये घसरलीस, कंबर धरून भिंतीभिंतीने चालतेस, घरात दुसरं माणूस नाही, आणि म्हणे फिट! यातली कुठली ते तरी सांग.

वर शपथ घातलीस, भाच्याला, म्हणजे माझ्या लेकाला, सांगायचं नाही, तो उचलून घेऊन जाईल. नाही सांगितलं बाई. त्याला एवढंच म्हटलं, आपल्या बाथरूममध्ये धरायला एक दांडी बसव. त्याने मला उभं करून माप घेतलं, बसवली. म्हटलं, खाली घे. घेतली. म्हटलं, अजून खाली. “आई, इतक्या खाली कोण धरणार, मांजर?” (तू माझ्या खांद्याला लागतेस, हे कुठल्या तोंडाने सांगू? शपथ!) नव्याकोऱ्या टाइल्सना भोकं पडली. सुनेने एकीकडे साबणदाणी लावली, दुसरीकडे टॉवेलचा हूक, आणि माझ्याशी बोलणं बंद करून भांड्यांशी सुरू केलं. “यांच्या डोक्यात एकदा फिट बसलं की संपलं,” असं ती पातेल्याला सांगत होती. (लिही, लिही. तूच म्हणालीस.)

मग दांडी नीट बसली का ते बघायला मी तुझ्याएवढी झाले. गुडघे वाकवले, कंबर धरली, एक पाय ओढत दांडीच्या आधाराने चालून पाहिलं. कडी लावायची तेवढी राहिली. नेमकी ही सूनबाईच आत आली आणि किंचाळली. लेक ड्रिल हातात घेऊनच धावला. तसंच मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली (पाय उडाला तो त्यांच्या चहाच्या कपाला लागला), डोळ्यांपुढे बोट फिरवून ते कुठंय विचारलं. म्हटलं, तुमच्याच हाताला. “आजी एकदम फिट,” डॉक्टर म्हणाले. “मग अशी वाकून का चालत होती?” लेकाने विचारलं. तुझ्या शपथेपायी मला वेडी ठरवायची वेळ आली होती.

खिडकीपाशी दुसरी खाट टाकून घेतलीय. तू येऊ नकोस, ती रिकामीच शोभते. बाकी आम्ही सगळे फिट. (अर्थ तुझा तू लाव.)

तुझी,
थोरली

ता. क. : सुनेने मघाशी पेन ठेवलं, आत गेली, गुडघे वाकवून दांडी धरून आली. “आधी सांगायचं होतं ना, आई!” म्हणाली. मी अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. मी फक्त पत्र लिहवून घेतलं.

आणखी एक : ती आता नवऱ्याशी बोलून आलीय. पत्र टपालात टाकायचं नाही असं ठरलं. भाचाच घेऊन येईल, वाचूनही तोच दाखवील, तेव्हा शेजारणीला तसदी नको. इथवर ऐकलं असशील तर कपडे भरायला घे, गाडी दारात उभी आहे. आणि इथे आल्यावर दांडीला हात पुरला नाही, तर कृपा करून बोलू नकोस. टाइल्समध्ये आता जागा उरलेली नाही.