इथे आई थांबते

अण्णा, तुमच्या नातीनं आज पुन्हा भात केला आणि आज पुन्हा तो खाली लागला. करपलेला वास जिन्यापर्यंत गेला. समोरच्या चाचींनी खिडकीतून विचारलं, "का हो दीदी, आज का जलाय दिहलू?" मी म्हटलं, काही नाही, आमची शाळा चालू आहे. त्या हसल्या. त्यांना ते खोटं वाटलं असेल, पण मी अगदी खरं तेच सांगितलं होतं.

तुम्ही हिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मी नवस बोलायचंही सोडून दिलं होतं तेव्हा ही झाली. पोर गोरीगोमटी, केस तुमच्यासारखे राठ. बोलायला उशीर झाला, आणि बोलायला लागली ती ऐकलेलं जसंच्या तसं. विचारलं "जेवलीस का" की उत्तर "जेवलीस का". शाळेतल्या बाईंनी फार गोडीनं सांगितलं, "माताजी, ये हमसे नहीं हो पाएगा." तुमचे जावई तेव्हा होते. ते म्हणाले, मग आपण घरीच शिकवू. आता तेही नाहीत, आणि "आपण" म्हणजे मी एकटीच उरले आहे. माझी स्वतःची शाळा आठवीत सुटलेली. त्यापुढचं जे काही आलं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटार सोलता सोलता, पुढच्या खोलीत तुम्ही पोरांना वेद शिकवायचात ते कानावर पडेल तेवढं. मला शिकवायची एकच रीत ठाऊक होती, तुमची. गुरुजींनी एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. पुस्तक नाही, पाटी नाही, संथा. आणि अण्णा, दुर्गाघाटावर तुम्हाला असा शिष्य कधी मिळाला नसेल. एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. मी तिला पाढे दिले, तिथी दिल्या, आपल्या घराचा पत्ता दिला. मग माझ्या ध्यानात आलं की जगायचंच संथेत बसवून द्यावं. अंघोळीची संथा केली, दूध तापवायची केली, दाराला कडी लावायची केली. संथा म्हणत म्हणत ती ते काम नीट करते. संथा नसेल तर उभी राहते नुसती.

तुम्ही मला एकदाच शिकवलंत, ते आठवतं का? पुढच्या खोलीत एक विद्यार्थी अडखळला आणि माझ्या तोंडून पुढची ओळ निघून गेली. आईनं आतून डोळे वटारले. मी मटारांत डोकं खुपसून बसले, आता बोलणी बसणार म्हणून. तुम्ही दुपारी पानावर बसलात, वरणभात कालवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "ओळ बरोबर होती. श्वास चुकला. अर्ध्यात कशाला घेतलास? आधी श्वास कुठे घ्यायचा ते शिकायचं, शब्द मागाहून." झालं. एवढंच. पण मी ते आजवर जपून ठेवलंय.

गेल्या पावसाळ्यापासून मला जिना चढवेना. पायाला सूज, रात्री उशीला उशी लावून बसल्या बसल्या झोप. डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, दिल कमज़ोर है, वज़न घटाइए, नमक बंद, मीठा बंद, और रोज़ टहलिए. मी म्हटलं, "डॉक्टर साहब, हमारी गली में टहलें कि साँड़ से बचें?" "तो छत पर टहलिए." "छत पर बंदर हैं." "तो बंदरों के साथ टहलिए, माताजी, लेकिन टहलिए." मला हसू आलं. तिला एकटीला खाली ठेवता येत नाही, म्हणून मी शाळाच गच्चीवर नेली. माकडांसाठी लोखंडी जाळी ठोकून घेतलीय, आमची गच्ची म्हणजे पिंजराच. त्या पिंजऱ्यात मी पुढे, ती माझा पदर धरून मागे. मी म्हणायचं, तिनं दोनदा म्हणायचं. चाची त्यांच्या गच्चीवर पापड वाळत घालताना ओरडायच्या, "ए दीदी, बिटिया के पढ़ावत हऊ कि फेरा लेत हऊ?" सुरुवातीला बरं वाटलं हो. कचोरीच्या दुकानावरून मान फिरवून जायला शिकले. बिनमिठाची भाजी गिळायला शिकले. मनात हिशोब असा की मी आणखी काही वर्षं धड राहिले तर हिच्या सगळ्या संथा पुऱ्या होतील.

भाताची संथा तिथेच दिली. कुकरच्या शिटीला ती घाबरते, म्हणून पातेल्यातला भात. "तांदूळ धू, पाणी घाल, उकळी आली की गॅस बारीक, झाकण ठेव, पाणी आटलं की गॅस बंद." ओळ मोठी झाली, पण तेव्हा वाटलं, म्हणेन एका दमात. जिन्याच्या तोंडाशी आलं की मला धाप लागायची. कठड्याला हात टेकून उभी राहायचे, श्वास तोंडानं ओढायचे, मग पुढे. तीही थांबायची. मला वाटायचं, माझ्यासाठी थांबते बिचारी.

मग एके दिवशी तिला गॅसपाशी उभं केलं आणि मी खोलीत बसून ऐकत होते. छान म्हणत होती, तुमच्या पोरांसारखी मान हलवत. "पाणी आटलं की," म्हणाली, आणि भिंतीला हात टेकला. तोंड उघडून श्वास ओढला, माझाच, तोच आवाज, शेवटी बारीक शीळ असते तीसुद्धा. आणि उभी राहिली. पाणी आटलं, भात तडतडायला लागला, ही हात टेकून उभी. मी आतून "गॅस बंद" म्हटलं तेव्हा तिनं "गॅस बंद, गॅस बंद" म्हणून बंद केला.

तेव्हा मला वसंतपूजेची ती संध्याकाळ आठवली. गावोगावचे वैदिक जमले होते, आणि तुमचे दोन जुने शिष्य, एक दक्षिणेकडून आलेला, एक इथलाच, ऋचा म्हणताना एकाच जागी खाकरले. एकमेकांना ओळखतही नव्हते ते. मंडळी हसली. कुणी तरी म्हणालं, "ही अण्णांची शाखा, हिच्यात खोकलाही पाठ करतात." तुम्हीही हसलात. पण घरी येऊन आईला ज्येष्ठमध मागितलंत आणि ते तोंडात धरलंत. मग म्हणालात, "मला वाटत होतं मी फक्त ऋचा देतोय." तेव्हा मला त्यात दुःख काय ते कळलं नव्हतं. खोकला तर खोकला, कुणाचं काय बिघडलं?

मी सुधारायला गेले, अण्णा. खुर्चीवर बसून, आधी पोटभर दम घेऊन, सबंध ओळ म्हणून दाखवली. तिनं ऐकलं आणि मान हलवली. "नाही. इथे आई थांबते." मी म्हटलं, अगं बाळ, आता आई नाही थांबत. ती म्हणाली, "इथे आई थांबते, इथे आई थांबते." दोनदा. तुमच्या रीतीनं पक्की झालेली संथा, ती आता कोण पुसणार? कोळशानं लिहिलेली असती तर हातानं पुसली असती.

आणि थांबणं वाढतंच आहे. डॉक्टरांचं यंत्र काय सांगायचं ते सांगो, माझी तब्येत मला भाताच्या खरपुडीवरून कळते. वजन काही उतरलेलं नाही. जे उतरलं ते पाणी होतं, आणि ते परत आलं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी टहलिए म्हटलं नाही. "जितना हो सके, माताजी," म्हणाले आणि हिच्याकडे बघितलं. ही त्यांच्या टेबलावरच्या घंटीकडे बघत होती.

आज मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, बघू तरी, मी काहीच बोलले नाही तर. तिनं हात टेकला, श्वास ओढला, थांबली. वास सुटला. धूर झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या, धुरानं, पण तिनं हात काढला नाही, माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी बोलेन याची तिला इतकी खात्री होती. शेवटी मीच उठून गेले. करपलेला भाग काढून बाकीचा आम्ही दोघींनी खाल्ला. ती मजेत जेवली.

अण्णा, एक संथा मी करून ठेवली आहे. "आई उठली नाही तर दार उघड, गच्चीवर जा, चाचींना हाक मार." चाचींशी बोलून ठेवलंय. त्या रडल्या, मग रागावल्या, मग हो म्हणाल्या. ओळ मोठी नाही. पण मी मोरीत नळ सोडून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून, पुनःपुन्हा म्हणून पाहते, आणि "उठली नाही तर" च्या पुढे दम तुटतो. दर वेळी तिथेच. आणि तिथे तुटलेली ओळ मी तिला दिली तर ती त्या दिवशी माझ्या खाटेशी हात टेकून उभी राहील, आणि मी पुढचं म्हणायची वाट बघेल. वजन, मीठ, गच्चीवरच्या फेऱ्या, सगळं आता ह्या एका ओळीसाठी आहे. एका दमात, एकदाच म्हणता यायला हवी. दुसऱ्यांदा सुधारून द्यायची सोय नाही, ते मी पाहिलं.

हे तुम्हाला धाडायचं कुठे? खाली गंगा आहे, लोक तिच्यात काय काय सोडतात. पण माझ्याच्यानं आता त्या पायऱ्या उतरून परत वर येणं व्हायचं नाही. घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मी ठरवून गच्चीवर गेले होते, ती ओळ जमेल तशी देऊन टाकू म्हणून. ऊन कोवळं होतं, दम त्यातल्या त्यात बरा होता. ती पदर धरून उभी, कान माझ्याकडे. मी तोंड उघडलं आणि सतराचा पाढा सुरू केला. तो तिला केव्हाचा येतो. तिनं तो दोनदा म्हटला, कुठेही न थांबता.