त्या बेटावरच्या बाईचा दंड

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. आज मी तुम्हाला त्या परदेशातल्या स्पर्धेबद्दल लिहायला बसले आहे.

तुम्ही मालवणातल्या शाळेत खेळाचे मास्तर. मला पोहायला शिकवलंत ते जेटीपाशी, हातात वेताची छडी घेऊन. दमून मी होडीची कड धरायला गेले की छडी बोटांवर बसायची. एकदा माझं डोकं पाण्याखाली दाबून धरलंत. "वर येव नको! आजून धा मोज!" वर आले तेव्हा नाकातून रक्त वाहत होतं. आई किनाऱ्यावरून ओरडत होती, तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. पण मी जिंकत गेले, आधी जिल्ह्यात, मग राज्यात, आणि सोळाव्या वर्षी आपण दोघं विमानात बसलो. मालवणात तेव्हा टीव्हीसुद्धा मोजक्याच घरांत होता.

माझ्या शेजारी एका चिमुकल्या बेटाच्या देशातली मुलगी पोहत होती. त्यांच्या देशात पोहण्याचा तलावच नव्हता, तीही माझ्यासारखी समुद्रात शिकलेली. आठ जणींत मी सातवी आले, ती आठवी. तिची शिक्षिका, एक धिप्पाड बाई, तिला टॉवेलात गुंडाळून खदखदून हसवत होती. कपडे बदलायच्या खोलीबाहेर तुम्ही मला गाठलंत. थोबाडीत बसते, मी भिंतीवर आपटते, ओठ फाटतो. "माजी लाज घालवलंस गो!" तुम्ही पुन्हा हात उगारता.

तो हात त्या बाईने वरच्या वर धरला आणि तुम्हाला भिंतीशी दाबलं. तुमचा चष्मा पडून फुटला. तुम्ही धडपडत होतात, पण तिच्यापुढे तुमचं काही चालेना. तुम्हाला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी धावले आणि तिच्या दंडाला कडकडून चावले. तोंडात तिचं रक्त आलं तेव्हा तिने तुम्हाला सोडलं. मागे ती बेटावरची मुलगी रडत होती.

तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "शाब्बास गो बाय."

ओठाचं आईला मी पाय घसरला असं सांगितलं. वर्षभरात पोहणं सोडलं. त्या बाईची माफी मागायची, तर तिचं नावही मला ठाऊक नाही. हा कागद मी घडी घालून ठेवून देणार आहे, कुणाला दाखवणार नाही. कारण तुमचे ते तीन शब्द आठवले की मला अजूनही बरं वाटतं, बाबा.